टाळ्यांची नोंद

ऑगस्ट २०२३ मध्ये 'गदर २' लागला तेव्हा घरातल्या तरुण मंडळींनी आम्हांला आग्रहाने सोबत नेले. मऊ खुर्च्या, थंडगार हवा आणि मक्याच्या लाह्यांचा वास अशा वातावरणात सनी देओल हा नट पडद्यावर अवतरला, आणि आमच्या शेजारची महाविद्यालयीन मुले शिट्या वाजवू लागली. पडद्यावरच्या गृहस्थांच्या दाढीत पांढरे केस होते. आमच्या तर डोक्यावरही फारसे उरलेले नाहीत. घरी परतल्यावर झोप येईना, म्हणून माळ्यावरच्या पेटीतून परीक्षणांच्या जुन्या वह्या काढल्या. या नटाच्या चित्रपटांविषयी आम्ही १९८५ ते २००१ अशी सोळा वर्षे लिहिले होते. आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांना हा विषय काहीसा हलका वाटेल याची जाणीव आहे. मंडळाच्या बैठकीत ज्यांनी आमच्याकडून केशवसुतांवरचे व्याख्यान ऐकले, त्यांना तर हा अधःपातच वाटेल. परंतु त्या वह्यांमध्ये एका जागी काही ओळी कोऱ्या सोडलेल्या आढळल्या, आणि त्या कोऱ्या ओळींविषयी लिहिल्यावाचून आता राहवत नाही.

इंदूरच्या एका मराठी साप्ताहिकात आम्ही चित्रपट-परीक्षण लिहीत असू. मानधन जवळजवळ नव्हतेच. बाल्कनीचा एक पास मिळे आणि तोच आमचा मोबदला. शुक्रवारी दुपारचा खेळ पाहायचा, शनिवारी रात्री साडेतीनशे-चारशे शब्द लिहून द्यायचे, रविवारी अंक. परीक्षणाची भाषा आम्हांला आयतीच मिळाली होती. मारधाडीचा चित्रपट म्हटला की 'गल्लाभरू' हा शब्द ठरलेला. त्यापाठोपाठ 'बुद्धी घरी ठेवून पाहावा', 'संगीत बरे', 'छायाचित्रण डोळ्यांना सुखावणारे', आणि शेवटी 'पिटातल्या प्रेक्षकांना आवडेल'. या शेवटच्या वाक्यात आमची सारी प्रतिष्ठा सामावलेली असे. पिटातल्यांना आवडेल याचा अर्थ आम्हांला आवडला नाही; आम्ही वर बसतो. आमचा पास फुकटचा होता आणि पिटातले लोक खिशातले पैसे मोजून येत, हा तपशील त्या वाक्यात येत नसे.

१९८५ साली राहुल रवैल यांचा 'अर्जुन' आला. वहीत त्यावर नऊ ओळी आहेत. त्यांपैकी दोन नायकाच्या दंडाविषयी, एक डिंपल कपाडियाविषयी आणि उरलेल्या हिंदी चित्रपटातील वाढत्या हिंसेविषयीच्या चिंतेच्या. आज त्या वाचताना कानकोंडे व्हायला होते. कारण या चित्रपटाच्या नायकाचे आडनाव मालवणकर आहे. कारकुनाचा मुलगा, शिकलेला, नोकरी नसलेला, घरात ओशाळून वावरणारा, मित्रांबरोबर दिवस काढणारा. आम्ही स्वतः त्या वर्षी नोकरीच्या शोधात होतो, आमचे वडील कारकून होते, आणि संध्याकाळी घरी जाण्याऐवजी आम्ही राजवाड्यासमोर उभे राहून वेळ घालवीत असू. आमचीच कथा एका पंजाबी नटाच्या अंगावर घालून पडद्यावर आली होती आणि आम्हांला दिसले काय, तर दंड!

विशेष म्हणजे दोनच वर्षांपूर्वी, १९८३ साली, गोविंद निहलानींच्या 'अर्धसत्य'वर आम्ही अंकाचे पाऊण पान भरले होते. तिथेही नायक मराठीच, अनंत वेलणकर. तिथेही मुंबई, तिथेही राजकारण्याच्या छत्राखाली फुगलेला गुंड, तिथेही हतबलतेतून येणारा हिंसेचा स्फोट. परंतु त्याची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची होती, पटकथा विजय तेंडुलकरांची होती, आणि ओम पुरींचा चेहरा तालमीत घडवलेल्यासारखा नव्हता. तो राग आम्हांला वैचारिक वाटला. मालवणकराचा राग गल्लाभरू ठरला. 'अर्धसत्य' श्रेष्ठ आहे याविषयी आजही आमच्या मनात किंतु नाही. पण 'अर्जुन'मधला एक प्रसंग, जो आम्ही तेव्हा 'प्रेक्षकांना थरारून सोडणारा' एवढ्या दोन-तीन शब्दांत उरकला, तो मात्र आज डोळ्यांपुढून हलत नाही. मुसळधार पाऊस, रस्ताभर काळ्या छत्र्या, आणि त्या छत्र्यांच्या गर्दीतून जीव वाचवत पळणारा नायकाचा मित्र. मारेकरीही त्याच गर्दीतले. छत्री धरलेला एकही हात मदतीला पुढे येत नाही. प्रत्येकाने आपापले डोके तेवढे कोरडे राखले आहे. जावेद अख्तरांनी लिहिलेल्या या चित्रपटात शहराविषयी जे म्हणायचे ते या एका प्रसंगात म्हणून झाले आहे, आणि ते एका शब्दाचेही भाषण न करता. 'हिंसेविषयी चिंता' व्यक्त करणाऱ्या परीक्षकाला ही हिंसा कशाविषयी आहे हे पाहण्याची सवड नव्हती. तोही छत्री उघडूनच बसला होता.

त्यानंतर काही वर्षे आम्ही याच थाटात लिहीत राहिलो. 'डकैत', 'यतीम', 'त्रिदेव' यांची परीक्षणे वहीत आहेत; नावे बदलून कोणतेही कुठेही चालेल.

२२ जून १९९० या शुक्रवारी 'दिल' आणि 'घायल' एकाच दिवशी प्रदर्शित झाले. आमच्याकडे पास 'घायल'चा आला, अन्यथा आम्ही तरुण प्रेमिकांकडे गेलो असतो. राजकुमार संतोषी यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. हे संतोषी 'अर्धसत्य'च्या वेळी निहलानींचे साहाय्यक होते, हे आम्हांला पुढे कळले. आणि कळल्यावर 'घायल'मध्ये ओम पुरी पोलीस अधिकाऱ्याच्या वेशात का दिसतात याचाही थोडा उलगडा झाल्यासारखे वाटले. जी दोन दालने आम्ही वेगवेगळ्या कुलुपांनी बंद करून ठेवली होती, त्यांच्यामध्ये दार होते, आणि एक माणूस त्यातून सरळ चालत आला होता.

'घायल'विषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मारधाडीचा चित्रपट कसा बांधतात हे आम्ही त्यात प्रथम पाहिले. अजय मेहरा हा हौशी मुष्टियोद्धा आहे. म्हणजे त्याच्या हातांत ताकद आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते. सामान्य दिग्दर्शकाने ती ताकद लगेच खर्च करून टाकली असती. संतोषी ती अडवून धरतात. भाऊ नाहीसा होतो, अजय पोलीस ठाण्यात जातो, विनवण्या करतो, ओळखीच्यांचे उंबरे झिजवतो. कायद्याने जे जे करता येते ते सर्व करून पाहतो, आणि मग भावाच्याच खुनाचा आळ त्याच्यावर येतो. मूठ उगारली जाण्यापूर्वी अर्ज केले जातात. मारामारी आपल्याला हवीशी वाटू लागते ती या अर्जांमुळे. आणि या नटाचा गुण नेमका इथे कामी येतो. सनी देओल हा बोलका नट नाही. नृत्य त्याला जमत नाही, विनोद त्याला पेलत नाही, प्रणयप्रसंगात तो पाहुण्यासारखा अवघडून उभा असतो. परंतु अपमान गिळणारा मनुष्य त्याच्याइतका खरा फार थोड्यांना साधतो. मान खाली, नजर जमिनीवर, आवाज इतका हळू की पुढच्या रांगेला कान द्यावा लागतो. आणि मग तो प्रसिद्ध आरडाओरडा. आम्ही वर्षानुवर्षे ओरडण्याची थट्टा केली; त्याआधीच्या शांततेविषयी एक ओळही लिहिली नाही. 'घायल'साठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही साप्ताहिकात 'आश्चर्य' असा मथळा दिला होता. आश्चर्य खरे तर परीक्षण लिहिणाऱ्याचे वाटायला हवे होते.

मग १९९३ चा 'दामिनी'. इथून पुढचे लिहिणे थोडे अवघड आहे.

आमच्या वाड्यात एक गृहस्थ राहत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. शहरातल्या एका कापडगिरणीत त्यांनी पंचवीसएक वर्षे साचे चालवले होते. गिरणी बंद पडली, पगार थकले, ग्रॅच्युइटी अडकली आणि प्रकरण न्यायालयात गेले. काका प्रत्येक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून आणि डबा घेऊन जात आणि संध्याकाळी डबा रिकामा करून परत येत. 'काय झालं?' असे विचारणे वाड्याने हळूहळू सोडून दिले होते.

'दामिनी' हा मुळात मीनाक्षी शेषाद्रीचा चित्रपट. घरातल्या मोलकरणीवर झालेला अत्याचार डोळ्यांनी पाहिलेली सून सासरच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहते, ही त्याची कथा. सनी देओल येतो तो चित्रपट बराच पुढे गेल्यावर, एका दारुड्या वकिलाच्या रूपात. त्याच्या पत्नीलाही न्यायालयात न्याय मिळालेला नाही. अमरीश पुरींच्या कसलेल्या वकिलासमोर तो उभा राहतो आणि एका क्षणी न्यायाधीशांना तोंडावर सांगतो की इथे न्याय मिळत नाही, मिळते ती फक्त पुढची तारीख. ते भाषण आज बहुतेकांना पाठ आहे. त्या दिवशी आम्ही बाल्कनीत होतो आणि खाली पिटात असा गदारोळ उठला की पुढची वाक्ये ऐकूच आली नाहीत. पडद्याच्या दिशेने नाणी उडाली. आम्ही वहीत टिपले: 'न्यायालयात असे कोणी बोलू शकत नाही. वास्तवाशी पूर्ण फारकत.'

खेळ सुटला तेव्हा फाटकाशी काका भेटले. चित्रपट पाहणाऱ्यांपैकी ते नव्हेत. आम्ही चकित झालो. दोघे पायी निघालो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय लिहिणार तू?"

आम्ही वहीतले वाक्य त्यांना जवळजवळ जसेच्या तसे ऐकवले.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "असं नाहीच बोलता येत. मी दर महिन्याला जातो ना तिथं. तोंड उघडलं की पट्टेवाला दटावतो." थोडे पुढे गेल्यावर ते म्हणाले, "म्हणून तर तिकीट काढलं रे. परवा एकदा पाहिला, आज परत."

काकांच्या तक्रारीचा पुढे काय निकाल लागला ते विस्ताराने सांगण्यासारखे नाही. थोडेफार पैसे आले तेव्हा ते घ्यायला काका राहिले नव्हते. त्यांची गिरणी निराळी, पण याच शहरातल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या देण्याचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये सुपूर्द झाला. 'दामिनी' येऊन तेव्हा तीस वर्षे लोटली होती. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना आम्हांला पिटातली ती नाणी आठवली. नाणी उधळणारे ते लोक वास्तवाशी फारकत घेतलेले नव्हते. वास्तव काय असते हे आम्हांला त्यांच्याकडूनच समजून घेता आले असते.

त्या रात्री आम्ही परीक्षण फाडले आणि नव्याने लिहिले. आणि एक नियम करून घेतला. यापुढे परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात टाळ्यांची नोंद करायची. प्रेक्षकांनी कुठे टाळ्या वाजवल्या, कुठे ते हसले, कुठे गप्प राहिले. आणि आम्ही स्वतः काय केले, हेही. हा शेवटचा भाग सर्वांत जड गेला. टाळी वाजवणारा परीक्षक म्हणजे पंगतीत वाढप्यानेच जेवायला बसल्यासारखे. तरीही लिहिले. १९९६ च्या 'घातक'मध्ये काशी नावाचा बनारसी पहिलवान आजारी वडिलांना उपचारासाठी मुंबईला आणतो. गुंडांचा म्होरक्या कात्या त्या वृद्ध बापाच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा अडकवतो तेव्हा आमच्या चित्रपटगृहात कुणी खोकलेसुद्धा नाही, असे आमच्या वहीत आहे. बापाच्या भूमिकेत अमरीश पुरी होते. तीन वर्षांपूर्वी याच नटासमोर उभे राहून हाच नायक तारखांविषयी ओरडला होता, आणि त्याही आधी 'घायल'मध्ये बलवंत राय होऊन यांनीच त्याच्या भावाला गिळले होते. एकाच चेहऱ्याविषयी कधी संताप आणि कधी कणव वाटावी, ही किमया फक्त नटाची नसते. ती कथा बांधणाऱ्याचीही असते. शेवटच्या मारामारीत आम्ही टाळ्या वाजवल्या, हेही तिथे नमूद आहे.

वाचकांना हा शेवटचा परिच्छेद आवडू लागला. आणि आम्ही, खरे सांगायचे तर, थोडे चढलो. पूर्वी पिटातले लोक चुकतात असे गृहीत होते. आता ते कधी चुकत नाहीत असे आम्ही लिहू लागलो. आधीच्या उद्धटपणापेक्षा हे बरे होते असे म्हणण्याचे धाडस आता होत नाही.

साप्ताहिकाच्या छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करणाऱ्या गृहस्थांना सारे जण मास्टर म्हणत. पूर्वी ते खिळे जुळवीत, नंतर संगणकावर काम करू लागले. ते मुसलमान होते आणि त्यांचे ऱ्हस्वदीर्घ आमच्यापेक्षा चोख होते. 'परिक्षण' असे लिहून पाठवले की ते काही न बोलता 'परीक्षण' करून टाकीत. चित्रपटांचा त्यांना मनस्वी नाद. १५ जून २००१ रोजी 'गदर' आणि 'लगान' एकाच दिवशी लागले. त्या आठवड्यात आमच्याकडे नेहमीच्या एका पासाऐवजी 'गदर'चे दोन पास होते. मास्टरांना म्हटले, "चला." ते आनंदाने आले.

'गदर'चा पूर्वार्ध आजही आम्हांला चांगला वाटतो. १९४७ ची कत्तल. शीख ट्रकचालक तारासिंग सूडाने पेटलेल्या जमावापासून सकीना या मुसलमान मुलीला वाचवतो, ती आता परकी नाही हे दाखवण्यासाठी स्वतःच्या रक्ताने तिची भांग भरतो. तो जमाव त्याच्याच बाजूचा आहे. चित्रपटगृह त्या वेळी स्तब्ध होते. उत्तरार्धात सकीना लाहोरला माहेरी अडकते, तिचे वडील, पुन्हा अमरीश पुरीच, तिला परत पाठवायला तयार नसतात, आणि तारासिंग मुलाला घेऊन सीमेपलीकडे जातो. पुढचे सर्वांना माहीत आहे. त्याच्यापुढे मागण्या ठेवल्या जातात, तो मान खाली घालून एकेक मान्य करतो, नेहमीचीच ती शांतता, आणि मग एका मागणीपाशी त्याचा बांध फुटतो. तो जमिनीतला हातपंप उपटतो.

चित्रपटगृह उभे राहिले. घोषणा सुरू झाल्या. काही घोषणा देशाच्या जयजयकाराच्या होत्या. काही तशा नव्हत्या. आमच्या शहरातल्या काही मोहल्ल्यांची नावे त्यांत होती. आम्हीही उभे होतो. टाळ्या वाजवत होतो. 'घायल' पाहताना जसा छातीत एक गोळा वर येतो तसाच तो आला होता आणि आम्ही त्याला वाट करून दिली. मग बाजूला नजर गेली. मास्टर बसून होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटे किंचित पसरलेली, छायाचित्र काढून घेताना माणूस बसतो तसे. पडद्याकडेच पाहत होते. आम्ही खाली बसलो, पण तोवर बराच वेळ झाला होता.

बाहेर आल्यावर चहा घेतला. मास्टर ट्रकविषयी बोलले. तशी जुन्या बांधणीची ट्रक त्यांच्या मामांकडे होती म्हणाले. आम्हीही ट्रकविषयीच बोललो.

शनिवारी रात्री परीक्षण लिहून दिले. कथा, पूर्वार्धाची संयत हाताळणी, अमीषा पटेलचा नवखेपणा, नटाच्या दबलेल्या आवाजाचा परिणाम, गाण्यांत हार्मोनियमचा गोडवा. हातपंपाच्या प्रसंगाला 'प्रेक्षकांना थरारून सोडणारा' असे म्हटले. सोळा वर्षांपूर्वी छत्र्यांच्या प्रसंगाला वापरलेले तेच शब्द, हे आता वह्या शेजारी ठेवल्यावर लक्षात येते. आणि तिथेच थांबलो. वहीत पुढे 'टाळ्या' एवढेच लिहिले आहे, त्याखाली रेघ, आणि मग कोऱ्या ओळी. टाळ्यांची नोंद करायची तर सर्वांच्या हातांची करावी लागली असती. आमच्या हातांची, आणि त्या गुडघ्यांवरच्या हातांची. शिवाय ती नोंद त्याच हातांनी जुळवली जाणार होती.

रात्री दहाच्या सुमारास मास्टर आमच्या टेबलाशी आले. हातात मुद्रित होते.

"साहेब, शेवटचा परिच्छेद राहिला वाटतं. टाळ्यांचा."

आम्ही म्हणालो, "या वेळी जागा नाही, मास्टर."

त्यांनी मुद्रित पुन्हा पाहिले. स्तंभाखालची मोकळी जागा अंगठ्याने मोजली.

"जागा आहे," ते म्हणाले. "अकरा ओळी बसतील."

आम्ही दिव्याकडे पाहत राहिलो. ते थोडा वेळ उभे राहिले, मग आत गेले. रविवारच्या अंकात त्या जागी शिलाई यंत्राच्या दुरुस्तीची एक चौकटीतली जाहिरात होती, मागल्या अंकातलीच, पुन्हा घातलेली. आमच्या परीक्षणात त्यांनी एकच दुरुस्ती केली होती. आम्ही 'थरारुन' लिहिले होते; त्यांनी रू दीर्घ केला होता.